डॉक्टरबाईंनी मला घरी जाऊ दिलं नाही

महाविद्यालयात प्रवेश घेतला त्या दिवशी आरोग्य तपासणीच्या खोलीत डॉ. सुमती आगटे यांनी मला विचारलं, "लहानपणच्या लसी सगळ्या झाल्यात का?" मी मळवलीपलीकडच्या डोंगरातल्या वाडीवरून आले होते. लसीचं कार्ड आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. रांगेत माझ्यामागे लोणावळ्यातल्या मुली हातात कार्डं घेऊन उभ्या होत्या. लाजेपोटी मी म्हणाले, "हो, झाल्यात." त्यांनी तसं लिहून घेतलं. आमची ओळख अशी माझ्या खोटं बोलण्यातून झाली. आज त्याच महाविद्यालयात मी शिकवते. डॉक्टरबाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त लिहिताना ते आधी सांगून टाकलेलं बरं.

दिवाळीनंतर वसतिगृहात माझ्या अंगावर पुरळ उठलं, कणकण आली. मी बॅग भरून घरी निघाले होते. डॉक्टरबाई आठवड्यातून दोनच दिवस आमच्याकडे येत. नशिबाने त्या दिवशी होत्या. कानामागच्या गाठी चाचपत त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई, आबा, दादा, वहिनी. वहिनीला तिसरा महिना आहे."

त्यांचा हात थांबला. "हा रुबेला असावा. तू आठवड्यात बरी होशील. पण पोटातल्या बाळाला यातून बहिरेपण, अंधत्व येऊ शकतं. याची लस तू खरंच घेतली होतीस का?"

मी रडत रडत खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कार्ड न बघता मी लिहिलं, ही चूक माझी. घरी शेवटची कधी गेलीस?"

"गेल्या रविवारी."

मला त्यांनी स्वतःच्या घरी नेलं. आठ दिवस मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या वाडीवर गेल्या. रस्ता संपल्यावर अर्धा तास चढ आहे. आईने त्यांना अंगणातच अडवलं.

"पोरगी आजारी, आन तुमी तिला घरी धाडत न्हाई? आमी काय तिला बघणार न्हाई व्हय?"

"ताई, तिला तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बघाल. पण आता सुनेला जपायचंय."

मग त्यांनी ओसरीवर बसून सगळं समजावलं: पुरळ उठायच्या आधीही हा आजार पसरतो, म्हणून रविवारी मी घरी आले तेव्हा वहिनीला लागण झाली का, हे रक्त तपासून बघायला हवं. गरोदरपणात ही लस देता येत नाही, हेही सांगितलं. पहिल्या तपासणीत वहिनीच्या रक्तात आजार सापडला नाही, पण त्यापासूनचं संरक्षणही नव्हतं. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. तोवर आमच्या घरात कुणी बाळाचं नाव काढलं नाही. दुसरा अहवालही चांगला आला, तो सांगायला डॉक्टरबाई पुन्हा चढून आल्या. "बाई, बसा, च्या टाकते," एवढंच आई म्हणाली. पुढे पुतणी सुखरूप जन्मली आणि बाळंतपणानंतर वहिनीने लस घेतली. पुतणीचे कान इतके तिखट आहेत, की तिच्यासमोर हळू बोलूनही उपयोग नसतो.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी "झाल्यात का?" हा प्रश्नच सोडून दिला. कार्ड नसेल तर लस झालेली नाही असं धरायचं आणि त्याबद्दल कुणाला ओशाळं वाटू द्यायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर, काविळीची लस यांची त्या प्रत्येकाला शांतपणे माहिती देतात. एकदा पालकसभेत आंबी गावच्या एका मुलीच्या वडिलांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीबद्दल विचारलं, "लग्नाआधी ही कशाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "लग्नाआधीच जास्त उपयोगी पडते, म्हणून आत्ता सांगते. घरी बोला, मग ठरवा." चार दिवसांनी ते मुलीला घेऊन आले. घाई न करता माणसाला विचार करू देणं मी डॉक्टरबाईंकडूनच शिकले.

यंदा फ्लूच्या लसीच्या दिवशी मुलं दारात घुटमळत होती. पंचाहत्तरीच्या डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली, बाही वर केली आणि सिस्टरना म्हणाल्या, "आधी मला." मुलं हसली आणि रांग लागली. डॉक्टरबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्या रांगेत दरवर्षी पहिला मान त्यांचाच असो.