कोणत्या पानावर?

किस्सा सांगितला की तो संपतो आणि माणूस मोकळा होतो. पण ऐकायलाच कुणी नसलं की किस्से घरात साचायला लागतात. माझ्याकडे आता इतके साचलेत की चहा ठेवताना एखादा आठवतो आणि मी एकटीच हसते. शेजारची म्हणते, "सिस्टर, कोनासंग हासून राह्यल्या?" काय सांगणार तिला!

मी सिस्टर. मला नाव आहे, पण शेलूबाजारात ते कुणाला ठाऊक नाही. उपकेंद्रात आयुष्यभर सुया टोचल्या, त्यामुळे माझ्याहून म्हातारे लोकही मला सिस्टरच म्हणतात. आमचे हे सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्याला आहे. घरात मी, आणि आवाज हवा म्हणून लावून ठेवलेला टीव्ही.

पण रविवारची गोष्ट वेगळी. विहारातली वंदना झाली की नऊ वाजता मी वाचनालयात जायची. व्हरांड्यात पाच खुर्च्या आणि पाच माणसं. सध्या कोण काय वाचतंय ते एकमेकांना सांगायचं, एवढंच काम. वाचनालय सांभाळणारे इंगळे सर, ब्लाउज शिवणाऱ्या शोभाताई, जीप चालवणारे रफिकभाई, एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर गजाननभाऊ आणि मी. हे सगळे किस्से त्या पाच खुर्च्यांवरचे.

*

आमच्यात पुस्तकाचं नाव विचारत नाहीत, पान विचारतात. त्याचं कारण इंगळे सर.

पहिल्याच रविवारी सरांनी जाहीर केलं की प्रत्येकानं आपल्या पुस्तकाचा परिचय करून द्यायचा. सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. लेखकाची भूमिका झाली, समाजाची स्थिती झाली, मग प्रतीकं सुरू झाली. चाळीस मिनिटं झाली! रफिकभाईंचा डोळा लागला. शेवटी शोभाताई उठल्या.

"सर, मले दोन ब्लाउजचे हूक लावाचे हायेत. एवढंच सांगा, तुमी कोणत्या पानावर हाय?"

सरांनी चष्मा पुसला. पुस्तक उघडलं. हळूच म्हणाले, "आठ."

तेव्हापासून नियमच झाला. आधी पान सांगायचं, मग तोंड उघडायचं! आणि हळूहळू तोच आमचा नमस्कार झाला. रस्त्यात भेटलं तरी "कसे आहात" कुणी विचारत नसे. "कोणत्या पानावर?"

*

गजाननभाऊ तर पान तोंडानं सांगतच नसत. आयुष्यभर भरलेल्या गाडीत ड्रायव्हरला मागून बोटांनी खुणा केल्या, ती सवय गेली नव्हती. चव्वेचाळिसावं पान असलं की चार बोटं, पुन्हा चार बोटं. शून्य आलं की मूठ. स्वतःचं झालं की पंजा उताणा करून, भुवया वर करून समोरच्याकडे पाहायचे. प्रवाशाला "कुठं जायचं?" असं विचारावं, अगदी तसं. म्हणजे आता तुमचं पान सांगा.

आणि कुणी दोन-दोन रविवार एकाच पानावर रेंगाळला की हात हलवून ओरडायचे, "पुढं सरका, पुढं सरका! मंधात जागा हाय!"

एकदा मी खरंच रेंगाळले होते. ह्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या सुमाराची गोष्ट. तीन रविवार मी एकच पान सांगितलं. तिसऱ्या वेळी गजाननभाऊ ओरडले नाहीत. नुसता हात हलवला, हळू. मी घरी जाऊन त्या दिवशी तीस पानं वाचली.

*

रफिकभाईंची जीप कारंज्याला जायची. सीटा भरेपर्यंत ते स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून वाचत. त्यांना खुनाच्या गोष्टी लागायच्या. एकदा जीप भरली, लोक ओरडायला लागले, तरी ह्यांची मान वर होईना.

"थांबा ना बाप्पा, खुनी सापडूनच राह्यला!"

पुढच्या सीटवर एक म्हातारी होती. ती म्हणाली, "मंग मोठ्यानं वाच ना! आमी काय बह्यरे हाओ?"

रफिकभाई मोठ्यानं वाचायला लागले. मागच्यांना ऐकू येईना म्हणून उभं राहून वाचायला लागले. मागून आलेली दुसरी जीप भरून निघून गेली, ह्यांच्यातलं कुणी हललं नाही! खुनी सापडला, मग गाडी निघाली.

कारंज्याला सगळे उतरले. एक माणूस उतरून इकडेतिकडे पाहत उभा राहिला. म्हणाला, "मले तं मंगरूळले जाचं होतं."

"मंग बसले काहून?"

"मी तुमाले मंगरूळची गाडी कोणती, हेच इचाराले आल्तो. पन खुनी कोन हाय हे कळल्याबिगर माणूस उतरते का?"

*

घरी मात्र मला पान विचारणारं कुणी नाही. मुलाचा फोन रोज येतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का. तिन्हींना "हो" म्हटलं की फोन संपतो. पोरगा वाईट नाही, कामातून वेळ काढून करतो. पण त्या तीन प्रश्नांत मी कुठंच नसते.

एका रविवारी वाचनालयातून नुकतीच आले होते, डोकं तिथंच होतं. तेवढ्यात फोन वाजला, उचलला आणि सवयीनं विचारलं, "कोणत्या पानावर?"

पलीकडून मुलाचा घाबरलेला आवाज आला.

"आई, तू ठीक आहेस ना?"

मी म्हटलं, "मी ठीक आहे. चौऱ्याहत्तरवर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रातली नवी सिस्टर बीपीचं मशीन घेऊन दारात हजर! मीच जिला सुई धरायला शिकवली, ती मला आजची तारीख विचारत होती.

*

आता बिनकव्हरचं.

वाचनालयात एक जाडजूड कादंबरी होती. तिला कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, म्हणून नावही नाही. आम्ही तिला बिनकव्हरचंच म्हणायचो. एका बहिणीची गोष्ट. भाऊ रागावून घर सोडून गेलेला असतो आणि ती बारा वर्षं त्याची वाट पाहते. दोनशे बाराव्या पानावर शेवटची ओळ अशी: कडी वाजली, ती उठली आणि तिनं दार उघडलं. संपलं पुस्तक!

पाचही जणांनी ते वाचलं आणि पाचही जण वेडे झाले. सरांनी सांगितलं की याला खुला शेवट म्हणतात, दारात कुणीच नसतं, ही माणसाच्या जगण्याची अपूर्णता आहे. शोभाताई म्हणाल्या, भाऊच आला. रफिकभाई म्हणाले, भाऊ मेला, त्याचा पोरगा आला. मी म्हटलं, शेजारीण आली असेल, साखरेला वाटी घेऊन. सगळे हसले. पण माझी कडी वाजते तेव्हा दारात तीच असते, मी दुसरं काय सांगणार?

गजाननभाऊंनी अंदाज सांगितला नाही, पुस्तक पुन्हा वाचायला घरी नेलं.

चार महिने हा वाद चालला. सरांनी तर खुल्या शेवटावर तालुक्याला जाऊन भाषण दिलं! एका रविवारी शोभाताईंनी पुस्तक उलटं धरलं, पाठीची शिवण पाहिली, बोट फिरवलं.

"सर, इथले टाके उसवले हायेत. पुढचं कापड कोणं फाडून नेलं?"

खरंच! मागची पानंच गेली होती. आम्ही चार महिने फाटक्या पुस्तकावर भांडत होतो.

सरांनी पुस्तक हातात घेऊन ते टाके पाहिले. मग म्हणाले, "तरीपण भाषन चांगलं झाल्तं."

*

बाकी सगळ्यांनी सोडून दिलं, गजाननभाऊंनी नाही. "मले अंदाज नाई पाह्यजे," ते म्हणाले, "मले दोनशे तेरावं पान पाह्यजे."

एस.टी.चा पास होताच. कारंजा, वाशीम, अकोला, जिथं जुनी पुस्तकं मिळतात तिथं हिंडले. पण मागणार काय? नाव नाही, लेखक नाही. मग ते दुकानदाराला गोष्टच सांगायचे. अगदी सुरुवातीपासून.

वाशीमला एका रद्दीवाल्यापुढं असंच बसले. त्यानं आधी वजनकाटा बाजूला सरकवला. मग चहा मागवला. मग गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाला, "उद्या या." भाऊंनी बारा वर्षं संपवली, कडी वाजली, बहीण उठली, दार उघडलं. आणि थांबले.

रद्दीवाला पुढं वाकला. "मंग? कोन होतं?"

"तेच तं तुमाले इचाराले आलो!"

रद्दीवाल्यानं म्हणे त्यांना परत येऊ नका असं सांगितलं. आणि महिन्याभरानं वाचनालयाच्या नंबरवर त्याचाच फोन आला, "ते पान भेटलं का हो?"

*

मग गजाननभाऊंच्या पत्नी वारल्या. मुलानं त्यांना अकोल्याला नेलं. जायच्या दिवशी ते बिनकव्हरचं माझ्या हातात देऊन म्हणाले, "सिस्टर, हे तुमच्यापाशी ठेवा. दोनशे तेरा भेटलं की मले सांगजा."

सुरुवातीला रविवारी नऊला त्यांचा फोन यायचा. मग एक रविवार सोडून यायला लागला. मग येईना.

इकडे सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, वाचायला मनाई झाली. ते चावी माझ्याकडे देऊन घरी बसले. शोभाताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडेच अडकल्या. रफिकभाईंना रविवारी लग्नाची भाडी मिळायला लागली. भांडण झालं नाही, कुणी "आता बंद" म्हटलं नाही. खुर्च्या फक्त एकेक करून रिकाम्या झाल्या.

मी मात्र जायची. पाचही खुर्च्या मांडायची. आठवडाभरात मला कुणी काही विचारत असेल तर ते इथंच, आणि ही जागा बंद पडली तर मी उरलेलं आयुष्य जेवले-घेतली-बंद केला म्हणत काढणार, याची मला फार भीती वाटायची. अजून वाटते.

एका रविवारी अशीच बसले होते. एक खेड्यातला माणूस आला, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि एका खुर्चीवर बसला. त्याच्यामागून त्याची बायको बसली. मग आणखी दोघं येऊन बसले. मला इतका आनंद झाला! मी विचारणारच, तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "मावशी, आधारचं काम अठीच होते ना?"

"नाई बाप्पा. अठी पुस्तकाचं होते."

त्यानं बायकोकडे पाहिलं. पिशवी उघडली.

"बरं. त्याले फोटो किती लागते?"

*

गेल्या महिन्यात कळलं की गजाननभाऊंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी पिशवीत बिनकव्हरचं घातलं आणि अकोल्याची गाडी धरली.

सून चांगली आहे. अंथरूण स्वच्छ, औषधं वेळेवर, पाठीला जखमा नाहीत. सिस्टर असल्यानं मी आधी तेच पाहिलं. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"ओळखत नाहीत हो कुणाला," सून म्हणाली. "नुसती बोटं दाखवतात. सारखं तेच, दोन, एक, तीन. दोन, एक, तीन. आम्हाला वाटलं गोळ्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचं तसं काही नाही. मग वाटलं टीव्हीचं चॅनेल. दोनशे तेरा लावून पाहिलं, तर तिथं कार्टून लागतं. मुलांना हसू आलं, आणि बाबा रडायला लागले. दोन महिने झाले, ताई. काय मागतात तेच कळत नाही."

मी खाटेजवळ स्टूल ओढलं. त्यांच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "गजाननभाऊ, कोणत्या पानावर?"

त्यांनी मान वळवली. डावा हात पांघरुणातून बाहेर काढला. दोन बोटं. एक बोट. तीन बोटं.

मग सावकाश पंजा उताणा केला आणि डावी भुवई वर करून माझ्याकडे पाहिलं.

पिशवीतलं पुस्तक काढून त्यांच्या छातीवर ठेवलं. म्हटलं, "मी दोनशे बारावरच हाओ, भाऊ."

भाऊंनी पुस्तकाला हात लावला नाही. अर्ध्या तोंडानं हसले, आणि डावा हात उचलून हळूहळू हलवला. पुढं सरका, पुढं सरका.