न हलणारा कुत्रा

ज्या राज्याच्या दारात माणसं निश्चल उभी असतात ते राज्य टिकतं, असं आमच्या घरात मानलं जाई. माझे मामा दरबारात चोपदार होते. हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन ते बत्तीस वर्षं एका दाराशी निश्चल उभे राहिले. मग संस्थान विलीन झालं. राज्य टिकलं नाही, मामा टिकले.

काठी आणि लाल अंगरखा परत करून ते आमच्या राजारामपुरीतल्या घरी आले, जेवले आणि दारात जाऊन उभे राहिले. मामी कधीच वारलेली, मूलबाळ नाही. बहिणीचं घर तेच त्यांचं घर. दुःख वगैरे काही दिसलं नाही. काहीच दिसलं नाही. गावात विलीनीकरणावर दोन्ही बाजूंची भाषणं चालू होती. मी ती ऐकून येत असे, आणि मलाही काही वाटत नसे. चार महिने असे गेले.

शेवटी आई म्हणाली, "अरे, दादास्नी कुठं तरी चिकटव की. दिवसभर दारात हुबं ऱ्हात्यात. काल गारगोटीची पावणी आली, ती बोळातनंच रडत आत आली. तिला वाटलं, घरातलं कोण तरी गेलं."

मी तेव्हा हायस्कुलात मास्तर होतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील थिएटरचे मॅनेजर होते आणि त्यांना पिटाच्या, म्हणजे सगळ्यांत स्वस्त जागांच्या, दाराशी एक डोअरकीपर हवा होता. "रविवारी सकाळच्या इंग्रजी खेळाला घेऊन या," ते म्हणाले. "मध्यंतरात हो का नाही ते सांगून टाका. हातकणंगल्याचा एक जण माझ्याकडं रोज खेपा घालतोय." मामांना मी एवढंच सांगितलं, की खेळ बघायला जायचंय. दरबाराच्या दारानंतर पिटाचं दार, हे चालता चालता सांगण्याचं धाडस मला झालं नाही.

मुख्य चित्रपटाआधी एक कार्टून लागलं. पडद्यावर राजवाड्याचं फाटक आलं, आणि फाटकाशी लाल कोट, पितळी बटणं, हातात भाला असा एक कुत्रा. तो पहाऱ्यावर होता. मी खुर्चीत खाली सरकलो. त्या सकाळी दुसरं कुठलंही जनावर चाललं असतं.

कुत्र्याच्या नाकावर माशी बसते आणि तो हलत नाही, एवढीच गोष्ट. पण ज्यानं ती काढली होती त्याला विनोद कुठं राहतो ते नेमकं ठाऊक होतं. आधी फक्त बुबुळं हलली. नाकाकडं वळून एकमेकांना भेटली आणि ओशाळून परत गेली. मग एक कान, जणू शेजाऱ्याचा असावा तसा, हळूच वर आला. कुत्र्यानं नुसत्या नजरेनं त्याला खाली बसवलं. गुडघा वाकला नाही, पण विजारीवर गुडघ्यापाशी एक सुरकुती पडली, थरथरली आणि निघून गेली.

"ओ पावणं, पटका काढा की," मागून कुणी तरी मामांना म्हणालं. "आम्हाला कुत्रं दिसंना झालंय."

मामांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

राजाची बग्गी समोर आली तेव्हा शिंक आली. आली म्हणजे येऊन थांबली. अडकलेल्या शिंकेची वाट बघताना आपण सगळेच बघतो तसं कुत्र्यानं मोठ्या आशेनं आभाळाकडं बघितलं. शिंक परत गेली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती खरंच आली, राजाचा मुकुट उडाला, आणि कुत्रा पुन्हा ताठ उभा. फक्त कोटाला एकही बटण उरलं नव्हतं. लोक शिंकेला हसले. शिंक कुणीही काढली असती. एक कुत्रा हलत नाही हे दाखवायला कुणाला तरी किती चित्रं काढावी लागली असतील, याचा मी हिशेब करत होतो, म्हणजे मामांकडं बघायचं टाळत होतो.

"आरं, ह्यो तर आपल्या दरबारातला!" कुत्र्याला बघून कुणी तरी ओरडलं. थिएटर पुन्हा हसलं.

"मामा, बाहेर जायचं का?"

"कान हालीवला त्यानं," मामा म्हणाले.

"हो."

"चुकलं. कानाकडं ध्यान गेलं की कान हालतोच. माशी बसली की लांबचं कायतरी नजरंत धरायचं. मी घड्याळाचा काटा धरायचो." मग म्हणाले, "गुडघ्याचं बरोबर हाय पण. तिसऱ्या तासाला असंच हुतंय. ज्यानं ते काढलंय, त्यो कुठं तरी हुबा ऱ्हायलेला हाय."

चार महिन्यांतलं त्यांचं हे सर्वांत लांबलचक बोलणं. त्यांच्या आवाजात काही नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं ते बोलले.

मध्यंतरात मी त्यांना मॅनेजरांच्या खोलीत नेलं. "काम सोपं हाय बघा, मामा," मॅनेजर म्हणाले. "तिकीट फाडायचं, माणूस आत सोडायचा. बसायला स्टूल मिळंल."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "ह्याच्यासाठी आणलंस व्हय मला?"

"हो," मी म्हणालो.

बाहेर खेळाची घंटा झाली. मामा मॅनेजरांना म्हणाले, "हातात काय असतंय?"

"हातात? बॅटरी असती. अंधारात जागा दावायला."

"स्टूल नको," मामा म्हणाले. "उद्यापास्नं येतो."

सोमवारी संध्याकाळी मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. पटका नीट बांधलेला, बॅटरी छातीशी उभी धरलेली, नजर समोरच्या भिंतीवर कुठं तरी. दरबारात ते कसे दिसत ते मी कधी पाहिलं नव्हतं. शेंगा खात, एकमेकांना शिव्या देत आलेली माणसं त्यांच्यासमोर आली की गप्प होत, आणि अख्खं तिकीट हातातच धरून अदबीनं आत जात. मामांनी कुणाकडंही बघितलं नाही.

मंगळवारी त्यांतले बरेच जण तीच तिकिटं घेऊन आले.