उंचीप्रमाणं लावलेल्या घागरी

दुष्काळात टँकरच्या रांगेत ठेवलेल्या सगळ्या गावाच्या घागरी मी उचलल्या आणि उंचीप्रमाणं लावून ठेवल्या.

ज्यांनी दुष्काळ बघितला नाही त्यांना ह्यात एवढं काय बिघडलं ते कळायचं नाही. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं गाव सोलापूरच्या वरच्या अंगाला, वाशीकडचं, माळावरचं. टँकर संध्याकाळी यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर. बायका सकाळीच आपलं भांडं रांगेत ठेवायच्या आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायच्या. दिवसभर तिथं माणूस नसायचं, नुसती भांडी उभी. पण घागर म्हणजेच ती बाई. जाता जाता कुणाचा घागरीला पाय लागला तरी मुस्काटात मारल्यासारखं भांडण उठायचं.

मी गावच्या दूध सोसायटीत माप घ्यायला होतो आणि सोसायटीचं दार नेमकं त्या रांगेसमोर. निम्मी जनावरं बाजारात गेलेली, त्यामुळं सकाळचं दूध गाडीत चढवलं की दिवसभर माशा मारायच्या. विहिरींना पाणी नव्हतं, चेअरमनच्या दुधात मात्र भरपूर होतं. हे मी लॅक्टोमीटर हातात धरून चारचौघांत बोललो होतो. त्या दिवशी घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता पुन्हा गावात तमाशा झाला तर म्या ऱ्हानार न्हाय. सरळ माहेरी जानार." तिचं माहेर परंड्याकडं. तिथं विहिरीला पाणी होतं आणि शहाणे भाऊ होते. तेव्हापासून ती नुसती दारात जरी गेली तरी मी मागोमाग उठायचो.

तर समोर ती रांग. पितळी घागर, तिच्याशेजारी कळशी, मागं हंडा, हंड्यामागं डालड्याचा डबा, आणि परत कळशी. ज्यांना हे चालतं ते सुखी. मला दातात खडा अडकल्यागत होतं. बघायचं नाही म्हणून पाठ केली, तर पाठीला दिसायला लागली. शिवाय रांग मध्येच तुटलेली. बरीचशी भांडी इकडं, मग चांगली मोकळी जागा, आणि उरलेली पार तिकडं बाभळीखाली.

मी उठलो. बुटकी पुढं, उंच मागं. मधली मोकळी जागा भरून काढली. सगळं झाल्यावर सोसायटीच्या उंबऱ्यावर बसून बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी छातीतला श्वास पुरा बाहेर आला. त्या दुपारी मी सुखात होतो. गावानं मला काय वाटेल ते म्हणावं, ते सुख खोटं नव्हतं.

बाभळीखालची भांडी बौद्ध वस्तीतली होती. गावाचं भरून झाल्यावर त्यांची पाळी. मला हे माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? जन्म त्याच गावात गेला. पण त्या वेळी डोळ्यांना उंची सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं. माझ्या डोळ्यांची ती खोड आहे. एक गोष्ट दिसायला लागली की बाकीचं जग गावाला जातं.

संध्याकाळी बायका आल्या. तोंडं खडीच्या धुरळ्यानं पांढरी झालेली. रांगेत रोज पहिला नंबर धरणारी एक म्हातारी ओरडली, "कुण्या मुडद्यानं माझा हंडा पार मागं टाकला?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. "म्या."

"का रं?"

"तुमचा हंडा सगळ्यात मोठा हाय, म्हनून."

उत्तर शंभर टक्के खरं होतं. तिला वाटलं टोमणा मारला. तिनं हंड्यासकट माझ्याकडं धाव घेतली, आणि तेवढ्यात दुसरी किंचाळली, "अगं बया, ह्यात वस्तीतल्या घागरी मिसळल्यात! भांडी बाटली की गं!"

झालं. त्यानंतर उंचीचं कुणी नावही काढलं नाही.

गावातले तरुण गुरुजी पळत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मला कुणी हात धरलेला चालत नाही, पण त्यांना काय माहीत. म्हणाले, "शाब्बास! एवढं धाडस आजवर गावात कुणी केलं नव्हतं."

"धाडस न्हाय गुरुजी. उंची."

त्यांना वाटलं मी विनयानं बोलतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तीतली एक बाई आपली कळशी ओढून काढत होती, ती तिथूनच बोलली, "मास्तर, तुमी वाजवा टाळ्या. दगडं आमच्या पत्र्यावर पडत्याल." मग माझ्याकडं वळली. "आन तू रं बाबा? आमाला इचारलं व्हतंस का?"

नव्हतं विचारलं. त्या संध्याकाळी एवढ्या जणांनी एवढं तोंड सोडलं, त्यात बरोबर प्रश्न हा एकच होता.

तेवढ्यात टँकर आला आणि टँकरवाल्यानं पाईप सोडला. इकडं ओढाओढी चाललेली, तिकडं पाणी मातीत चाललेलं. चेअरमन सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून म्हणाले, "ह्या येड्याला घरी न्या. उद्यापासनं सोसायटीत दिसला न्हाय पायजे." बघा म्हणजे. एका टँकरच्या एकाच पाण्याला दोन रांगा लावणारं गाव शहाणं, दुधात पाणी घालणारा चेअरमन शहाणा, आणि येडा मी! मी थोर होतो असं नाही. चेअरमन बुटके असते तर त्यांनाही मी पुढं उभं केलं असतं.

येडा हा शब्द मला नवा नव्हता. लहानपणी भांड्यावर भांडं आपटलं की मी कानात बोटं घालून किंचाळायचो, म्हणून घरच्यांनी मला देवऋषीकडं नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. भूत काही निघालं नाही, डोळ्यांतलं पाणी तेवढं निघालं. केस पिकल्यावर सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुम्हाला ऑटिझम आहे, आणि जोडीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. ऑटिझम म्हणजे दुसऱ्याच्या तोंडावरचं मला वाचता येत नाही. बॉर्डरलाइन म्हणजे न वाचताच मी त्याचा सगळ्यात वाईट अर्थ लावतो आणि पेटतो. एका डोक्यात ही दोन बिऱ्हाडं, आणि भाडं मी भरायचं. लोक म्हणतात, नाव कळलं की माणूस शांत होतो. मी नाही झालो. धुरी देणारे मरून गेले, आता भांडू कुणाशी? आणि जे उरलेत ते सांगतात, "पण तुम्ही तर चांगले दिसता!" चांगला दिसायला मला किती कष्ट पडतात ते ह्यांच्या बापाला ठाऊक आहे का?

असो. त्या संध्याकाळी घरी आलो. गर्दीत बायकोही होती, तिची घागरही रिकामीच परतली होती. ती काही बोलली नाही. चुलीपुढं बसून राहिली.

आता गप्प बसलेल्या माणसाचं मी काय करू? शिव्या कळतात, मार कळतो, गप्प बसणं मला आजवर कळलेलं नाही. ती दमली असेल, तिला तहान लागली असेल, हे कुणालाही सुचलं असतं. मला एकच दिसलं, ही चालली. कडब्याच्या गंजीला काडी लागावी तसा मी पेटलो.

"बोल की! जायचंय ना तुला?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तर मग जा! आत्ताच्या आत्ता जा!"

आणि तिला हलवायचं म्हणून, घरात पाण्याचा एकच तांब्या उरला होता तो मी उचलून अंगणात भिरकावला.

माती लगेच कोरडी झाली. बायको अंगणाकडं बघत राहिली. मग उठली आणि पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी भरायला लागली. तोवर तिच्या मनात जायचं नव्हतं. हे तिनं मला पुढं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

सकाळी आमची वरात एसटीच्या थांब्याकडं निघाली. पुढं ती, मागं मी. "जा, परत तोंड दाखवू नकोस, तुझ्यासारख्या लई बघितल्या," असं मी अख्ख्या गावाला ऐकू जाईल इतकं ओरडत होतो. ट्रंक मात्र माझ्याच डोक्यावर. तिला जड झाली असती. आदल्या सकाळपर्यंत ही बाई मला देवीच्या जागी होती, आता वैरीण झाली होती, आणि दोन्ही वेळा माझी खात्री पक्की होती.

परंड्याची गाडी आली. मीच ट्रंक वर चढवली. ती खिडकीशी बसली, माझ्याकडं बघितलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि माझ्या अंगातला राग कुणीतरी भांडं उपडं करावं तसा एका क्षणात सांडून गेला. आत काहीच उरलं नाही. ते रिकामपण मला सांगता येत नाही, आणि ज्यानं ते भोगलंय त्याला सांगायची गरज नाही. मी पळत गाडीच्या पुढं गेलो आणि रस्त्यात आडवा पडलो.

ब्रेक कचकचले. ड्रायव्हरनं आईवरनं शिवी दिली. कुणी म्हणालं, "पिऊन पडलाय." दुसरा म्हणाला, "न्हाय ओ, कालचा घागरीवाला हाय." कंडक्टर खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "पाव्हणं, काय ते घरात आवरायचं. हितं सरकारचं डिझेल जळतंय."

मी डोळे मिटून पडून होतो. मग ट्रंक जमिनीवर आदळल्याचा आवाज झाला.

"उठा," बायको म्हणाली. "लोकं खोळंबल्यात."

मी उठलो, ट्रंक डोक्यावर घेतली. परत येताना वाटभर मी विचारत होतो. "जानार न्हाईस ना? खरं सांग. आता न्हाईस ना जानार?" ती पुढं चालत राहिली. देवळापाशी आलो तरी माझं चालूच. मग मला एकदम लख्ख उजेड पडला, की माझी काळजी वाटूनच ही उतरली. मी थांबलो आणि मोठ्या मायेनं म्हणालो, "मला कोन संभाळंल म्हनून उतरलीस, व्हय?"

ती वळली. कपाळावरचा धुरळा पदरानं पुसला.

"तुमाला कोन संभाळंल ह्याची काळजी न्हाय मला. म्या गेल्यावर तुमी कोनाच्या गळ्यात पडाल, त्या बिचारीची हाय."