तावडेमावशींना विचारा

मिक्सर दुरुस्तीला नेला की तावडेमावशी तो आधी उघडत नसत. रिकामाच सुरू करायच्या, त्याच्यावर तळहात ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाईत होते. "मावशी, नीट फिरत नाही तो," असं दोनदा सांगून झालं. डोळे न उघडताच त्यांनी मला गप्प केलं. "तू सांगितलंस, मी ऐकलं. आता तेका बोलूंदे."

मालाडच्या बाजारात दोन कापडदुकानांच्या बेचक्यात त्यांचं चिंचोळं दुकान होतं. कुकरच्या रिंगा, मिक्सरची भांडी, पाती, कपलर. गिरणीतली नोकरी सुटल्यावर नवऱ्याने हा धंदा सुरू केला होता. तो गेल्यावर मावशी गल्ल्यावर बसल्या आणि हळूहळू पाना-पक्कडही त्यांच्या हाती आली. "बाईमाणूस मिक्सर खोलतंय म्हणून पहिली दोन वर्षं लोक नुसते बघायला यायचे," त्या सांगत. "तिसऱ्या वर्षी मिक्सर घेऊन आले."

मग लोक मोबाइलवरून नवा मिक्सर मागवू लागले. जुना भंगारात जाऊ लागला. माझं ऑफिस जवळच होतं. येता-जाता दिसायचं, मावशी रिकाम्या दुकानात पाती पुसत बसलेल्या. मीच म्हटलं, तुमची वेबसाइट करू. नाव त्यांनीच दिलं, 'तावडेमावशींना विचारा'. शनिवारी दुपारी त्या सांगायच्या, मी टाइप करायची. मिक्सरमधून जळका वास का येतो, भांडं खालून का गळतं, असं एकेक. मी वाचून दाखवलं की चिडायच्या. "असं पुस्तकी नको गो. ती बाई ओट्याशी उभी आहे, पाहुणे दारात आलेत, वाटण अर्धं राहिलंय. तिला धीर येईल असं लिही."

तसं लिहिलं आणि फोन यायला लागले. जळगावहून, लातूरहून, गोव्याहून. मावशी प्रत्येकीला आधी विचारायच्या, "भांड्यात काय होतं? ओलं की सुकं?" मग, "फोन मिक्सरजवळ धर आणि चालू कर." आवाजावरून दुखणं ओळखायच्या आणि सुटा भाग कुरिअरने पाठवायच्या. त्या फोनांवर दुकान कितीतरी वर्षं तगलं.

अलीकडे फोन एकाएकी कमी झाले. काय झालं म्हणून मी आमचेच प्रश्न शोधून पाहिले. आता सगळ्यात वर एआयचं तयार उत्तरच येत होतं. त्यात मावशींचंच एक वाक्य होतं : 'मोटर पाण्याने धुऊ नका, तापल्या लेकराचं अंग पुसतो तशी ओल्या फडक्याने पुसा.' नाव कुणाचंच नव्हतं. आमची वेबसाइट कुठल्या कुठे खाली गेली होती. मी मोबाइल मावशींपुढे धरला. चष्मा सावरत त्यांनी सगळं वाचलं. "बरोबर लिहिलंय की," म्हणाल्या. मोबाइल मला परत दिला. मग, "पण आता माका कोण कित्याक विचारतलो?"

पुढे एक दिवस कांदिवलीची एक बाई जळालेला मिक्सर घेऊन आली. मी तिथेच होते. वाटता वाटता मिक्सर बंद पडला, मोबाइलने सांगितलं खालचं लाल बटण दाबा, तिने दाबलं. पुन्हा बंद पडला, पुन्हा दाबलं. मावशींनी मला सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं : आधी भांडं रिकामं करा, मोटर गार होऊ द्या, मग बटण दाबा, आणि एकदाच. मोटर खोलून त्यांनी पाहिली; आतली तार पार जळली होती. "आईने दिलेला आहे हो, काहीतरी करा ना," ती बाई म्हणत होती. मावशींनी नकारार्थी मान हलवली. ती गेल्यावर म्हणाल्या, "माझ्या तोंडातलं अर्धंच घेतलंन. मी असते तर विचारलं असतं, भांड्यात काय आहे म्हणून. तेणा विचारूकच नाय."

त्यानंतर त्यांचं मन उडालं. गणपतीला म्हणून कणकवलीजवळच्या गावी गेल्या, त्या परत आल्या ते दुकान रिकामं करायलाच. "वेबसाइट बंद करू का?" मी विचारलं. "राहू दे. नंबर तोच आहे माझा." टॅक्सीत बसताना त्यांनी माझ्या गालावर तळहात ठेवला.

फाल्गुनात त्या वारल्या. कळवायला त्यांच्या लेकीचा, नीताचा फोन आला. बोलता बोलता तिने सांगितलं, गावच्या घरात रेंज नव्हती. आई रोज दुपारी मोबाइल घेऊन वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर जाऊन बसायची. गुडघे दुखायचे, तरी जायची. कुणाचा फोन यायचा नाही. नीता रागवायची, "कशाला चढतेस उन्हातान्हाची?" जायच्या आठवडाभर आधी मात्र आई फार उशिरा उतरली. साताऱ्याच्या कुणा बाईने फोन केला होता. तिला विकत काहीच नको होतं, मिक्सर का थरथरतो एवढंच विचारायचं होतं. आई अर्धा तास तिच्याशी बोलली होती.

"घरात आली ती हसतच," नीता म्हणाली. "पाणीसुद्धा प्यायली नाही. उंबऱ्यातच म्हणाली, नीता, आज माका कोणीतरी विचारल्यान गो."