गावात येणारी एक फेरी

ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला बसलं की दाणे वाटीभर निघतात आणि सालपटं टोपलंभर. आमच्या बचत गटाचं तसंच झालं आहे. काम झालं वाटीभर, किस्से टोपलंभर. लग्नात, हळदीकुंकवात कुणी भेटलं की म्हणतं, "ताई, तो लुगड्याचा किस्सा सांगा ना." एक सांगितला की दुसरा आठवतो. म्हटलं, एकदा सगळे लिहूनच काढावेत.

आधी थोडं सांगते. आमचं गाव अकोला आणि अमरावतीच्या मधे, मोठ्या रस्त्याच्या फाट्यापासून तीन किलोमीटर आत. एसटी फाट्यावरूनच निघून जायची. गावात शाळा दहावीपर्यंत. गटातल्या सुनंदाची रोशनी तेव्हा दहावीला होती. पोरगी हुशार, पण तिचे वडील गजूभाऊ यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बस गावात आली तर पाठवतो कॉलेजात. तीन किलोमीटर एकटीले तुरीच्या वावरातून नाई पाठवत मी."

बोलणं कडक होतं, पण चुकीचं म्हणता येत नव्हतं. तुरी डोक्याच्या वर जातात. मग आम्ही बायकांनी ठरवलं, बस गावात आणायची. कुणाच्या ओळखीनं नाही, नियमानं.

* * *

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा होते, हे मला गटाच्या ट्रेनिंगमध्ये कळलं होतं. म्हणून सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी आम्ही बाराएक जणी ग्रामपंचायतीत गेलो. दाराला कुलूप. शिपाई विठ्ठल ओट्यावर शेंगदाणे खात बसला होता.

"तुमी काहून आल्या?" त्यानं विचारलं.

"महिला सभेले."

विठ्ठलला आमची खरंच कीव आली. "वहिनी, त्याच्यासाठी यायचं काम नसते. मी येतो ना घरोघर सह्या घ्याले. दरवेळी तर करता तुमी."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सुनंदा म्हणाली, "बाप्पा, मी ते रेशनचं समजून राहिली होती."

सगळ्यांत मागे गोदाआजी होती. पंच्याहत्तरीची बाई, सहीऐवजी अंगठा देते. तिनं आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून नीट पाहिला आणि म्हणाली, "म्हंजे मी येवढ्या सभा केल्या? मले कोनी सांगतलंही नाई."

विठ्ठलनं उठून कुलूप काढलं.

* * *

दुसऱ्या दिवशी मोठी ग्रामसभा. सरपंच गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "तुमचा बसचा विषय घेतो ना. ऐनवेळच्या विषयात घेतो."

ऐनवेळचे विषय म्हणजे सगळ्यांत शेवटी. तोवर दिवस कलतो आणि बायका स्वयंपाकाला उठतात, हे त्याला माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. म्हणून आम्ही जाताना शेंगांची टोपली घेऊन गेलो. भाजी रात्री करायचीच होती, सोलणं तिथं केलं.

घरकुलाच्या यादीवरून पुरुषांचं भांडण झालं. यादी संपली तसे सगळे उठून गेले. ऐनवेळचे विषय निघाले तेव्हा सभेत आम्ही बायका, सरपंच, ग्रामसेवक आणि खांबाला टेकून झोपलेले एक आजोबा.

"गावात एसटी यावी, असा ठराव. कोणाचा विरोध?" ग्रामसेवकानं विचारलं.

आजोबा दचकून जागे झाले. "माहा हाय."

"कशाले?"

"काय विषय हाय?"

"एसटीचा."

"मंग नाई," म्हणून आजोबा परत झोपले. ठराव एकमतानं मंजूर.

निघताना सरपंचानं आमच्या टोपलीत डोकावून पाहिलं. "वहिनी, दाणे ज्यादा असतीन तर द्या थोडे. घरी सांगतो, सभेतून आणले."

* * *

ठराव घेऊन आम्ही तिघी एसटीच्या डेपोत गेलो. तिथले साहेब चांगले होते. त्यांनी ठराव वाचला आणि एकच विचारलं, "गावात गाडी वळवायला जागा किती आहे?"

मी म्हटलं, "आहे बरीच, साहेब." ते म्हणाले, "मोजून आणा."

गावात येऊन टेप शोधला. मिस्त्री टेप घेऊन परतवाड्याला गेलेला. गोदाआजी म्हणाली, "माह्या लुगड्यानं मोजा. नऊवार हाय, कोनी खोटं नाई म्हननार." आजीचं वाळत घातलेलं लुगडं आणलं आणि देवळापुढचा चौक मोजला. लोक हसत होते. देवळाकडून दीड लुगडं जागा मोकळी निघाली. पुढं कुटाराचा, म्हणजे गुरांच्या भुशाचा ढीग.

परत डेपोत गेलो. मी घरी मीटरचा हिशोब करून आणला होता, पण साहेबांपुढे घाबरून तोंडातून निघालं, "दीड लुगडं आहे, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग गंभीरपणे म्हणाले, "ताई, दीड लुगड्यात गाडी वळत नाही. दोन लागतील."

* * *

आता अडचण ही, की तो कुटाराचा ढीग गजूभाऊंचा होता. म्हणजे ज्यांनी बस आली तरच पोरगी पाठवतो म्हटलं, त्यांच्याच कुटारानं बस अडली होती.

एक मेच्या ग्रामसभेत विषय निघाला. गजूभाऊ उठून उभे राहिले. "जागा पंचायतीची असन, पन माह्या आज्यापासून तिथं आमचं कुटार पडते. ढोरं काय बसमधी चारू?"

सरपंचाला कुणाशीच वाईटपणा नको होता. म्हणाला, "हात वर करा. ढीग हलवावा असं कोनाले वाटते?"

बायकांच्या बाजूनं पहिला हात वर झाला तो सुनंदाचा.

गजूभाऊ हळूच म्हणाले, "हात खाली कर."

सुनंदानं हात तसाच वर ठेवला. "घरी गेल्यावर करतो खाली. इथं माहं मत हाय."

मग आमचे सगळ्यांचे हात वर झाले. पुरुषांतलेही बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात पाहते तर गजूभाऊ एकटेच बैलबंडीत कुटार भरत होते. मी म्हटलं, "भाऊ, पंचायत माणसं लावणार होती ना?"

"लोकाच्या हातानं निम्मं सांडते, वहिनी," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहताच विचारलं, "त्या साह्यबाले इचारा, दोन लुगडे म्हंजे गोदाआजीचे का सुनंदाचे? सुनंदाचं पाचवारी हाय."

* * *

रोशनी चांगल्या मार्कांनी पास झाली. कॉलेज उघडलं त्या आठवड्यात बस आली. सकाळी एक, दुपारी परत एक. चौकात नारळ फुटला, ड्रायव्हरला टिळा लावला. गाडी दोन लुगड्यांत बरोबर वळली.

पण आठ दिवसांनी कंडक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, फेरी तात्पुरती आहे. वर भारमान पाहतात, गाडी किती भरते ते. गाडीत एक पोरगी आणि दोन म्हातारे. असं चाललं तर दिवाळीनंतर बंद होईल."

गटाची मिटिंग घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहेच. ठरलं, रोज पाच-सहा जणींनी पाळीपाळीनं बसनं तालुक्याला जायचं आणि दुपारी रोशनीसोबत परत यायचं.

"जाऊन करायचं काय?" एकीनं विचारलं.

"काईच नाई," गोदाआजी म्हणाली. "पुरुष नाई का जात रोज."

* * *

खरी अडचण होती, दुपारपर्यंत बसायचं कुठं. स्टँडवर ऊन आणि माश्या. समोरच पंचायत समितीचं ऑफिस होतं. आत व्हरांडा, बाक, वर पंखा, थंड पाण्याचा माठ. आम्ही तिथं बसू लागलो.

तिसऱ्या दिवशी एक बाबू आला. "काय काम आहे?"

"काही नाही," मी खरं ते सांगितलं. "बसलो आहे."

तो आत गेला. थोड्या वेळानं त्याच्यापेक्षा मोठा बाबू आला. "कोणत्या गावच्या? काय मागणी आहे?"

"मागणी काही नाही, साहेब."

पुढच्या आठवड्यात पाळीनुसार दुसऱ्या बायका. त्यांनीही तेच उत्तर दिलं. ऑफिसात कुजबूज सुरू झाली, की या गावच्या बाया साखळी उपोषणाला बसल्या आहेत आणि मागणी सांगत नाहीत. त्यात सुनंदाचा चतुर्थीचा उपास होता, तिनं ऑफिसातून आलेला चहा नको म्हटला. झालं. त्या दिवशी मीही होते; मोठ्या साहेबांनी आम्हाला आत बोलावलं.

"हे पाहा, ताई," ते म्हणाले, "तुमच्या गावचं काय काय बाकी आहे ते मी काढायला लावलं आहे. हातपंप उद्या दुरुस्त होईल. अंगणवाडीचं छत याच महिन्यात. आता आणखी काय हवं?"

आम्ही गोंधळून गेलो. सुनंदा म्हणाली, "साह्यब, तो पंखा लय आवाज करते."

पंखा बदलला. छत याच महिन्यात नाही, पण झालं.

* * *

महिन्यातल्या एका सोमवारी तहसीलमध्ये लोकशाही दिन असतो. साहेब समोर बसतात आणि लोक तक्रारी सांगतात. त्या सोमवारी गोदाआजीची पाळी होती. रांग दिसली तशी ती रांगेत उभी राहिली. मी म्हटलं, "आजी, अर्ज लागतो." ती म्हणाली, "लागन तेव्हा पाहू."

नंबर आला. साहेबांनी विचारलं, "आजी, तक्रार काय?"

"तक्रार नाई, बाप्पा. आमच्या गावात एसटी येते आता. बरी चालू हाय. तेवढं सांगाले आलो."

साहेबांनी बाजूच्या बाबूकडे पाहिलं. बाबूनं कागद वरून खाली, खालून वर पाहिला. "साहेब, हे कशात घेऊ? याला रकानाच नाही."

मागचे लोक ओरडू लागले. साहेब उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आजी, पुढच्या महिन्यात पण या."

* * *

मग कापूस वेचणी आली. वेचणीच्या दिवसांत बाई घरी राहत नाही, तर बसमध्ये कुठून बसणार? पाळ्या मोडल्या. त्याच आठवड्यात कंडक्टरनं सांगितलं, उद्या-परवा तपासणीस येणार, माणसं मोजणार. सुनंदाच्या तोंडचं पाणी पळालं. रोशनीची सहामाही परीक्षाही दुसऱ्याच दिवशी सुरू होत होती.

माझं मनगट सुजलं होतं, म्हणून मी वेचायला गेले नाही. म्हटलं, एक सीट तरी भरू. सकाळी चौकात पोचले तर पारावर रोज पत्ते खेळणारे सगळे बाप्ये धुतलेले कपडे घालून बसची वाट पाहत उभे. पुढं गजूभाऊ, डोक्याला टोपी. गाडी आली तसे सगळे चढले, पूर्ण तिकिटं काढली आणि मुकाट्यानं बसले. पत्ते कुणी काढले नाहीत. रोशनी पुढच्या खिडकीशी पुस्तक उघडून बसली होती.

फाट्यावर तपासणीस चढला. त्यानं माणसं मोजली, तिकिटं पाहिली. इतके पुरुष एकाच गावचे, एकाच वेळी, आणि कुणाच्या हातात पिशवीसुद्धा नाही, याचं त्याला नवल वाटलं असावं. तो गजूभाऊंपाशी थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय काका, सगळं गाव कुठं निघालं? काय कार्यक्रम आहे तालुक्याला?"

गजूभाऊंनी पुढच्या खिडकीकडे एकदा पाहिलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "पोरगी वाचून राहिली."