जारवरचं भाषण

वसमतला आमच्या गल्लीत कुणाचं बोलणं अर्ध्यात अडकलं की लोक म्हणतात, "झालं का रत्नपालचं भाषण?"

त्यामागची हकिकत अशी. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या स्टेजवर रत्नपालला दोन शब्द बोलायला उभं केलं. तो माइकपाशी गेला, "जय भीम" म्हणाला आणि तिथंच थांबला. हात गार पडले, पाय गार पडले, समोर अख्खी गल्ली बसलेली. जरा वेळानं त्यानं परत एकदा "जय भीम" म्हटलं आणि खाली उतरला. टाळ्या मात्र त्या दिवशी सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या. इतकं आटोपशीर भाषण त्या स्टेजवर आधी कुणी केलं नव्हतं.

एरवी रत्नपालचं तोंड दिवसभर चालू असतं. त्याचा पाण्याचा प्लांट आहे. बोअरचं खारं पाणी मशीनमधून गोड करायचं, चिलरमध्ये गार करायचं आणि निळ्या जारमध्ये भरून दुकानांत, लग्नांत, बारशांत पोचवायचं. तीनचाकी टेम्पो दारात उभा राहिला की आधी आवाज आत येतो, मग जार. "मावशी, झाकण घट्ट लावा, न्हाईतर उन्हाळा आत शिरतो." प्रत्येक जारवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द लिहिलेला, 'चिल'. हिंगोलीच्या पेंटरनं तो सुचवला होता. "थंड काहून लिवता, थंड तर सगळेच लिवतात," असं त्याचं म्हणणं. रत्नपालनं मान डोलावली आणि पुढची कितीतरी वर्षं तो शब्द खांद्यावर वाहिला, अर्थ न विचारता.

विचारायची वेळ आली ती त्याच्या पोरीमुळं. मार्च महिना, लाइट गेलेली, चिलर बंद, फोनवर फोन. रत्नपाल प्लांटमध्ये येरझाऱ्या घालत सगळ्यांवर ओरडत होता. ऐश्वर्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, पायरीवर बसून टाचणं काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पप्पा, चिल."

"काय?"

"चिल करा म्हनलं."

"अगं, मशीन बंद हाय. तेच तर व्हऊन न्हाई राहिलं."

"मशीनला न्हाई, तुमाला म्हनून राहिले. शांत व्हा."

रत्नपालनं समोरच्या जारकडे बघितलं. "मंग मी जारवर काय लिवलंय, शांत पाणी?"

"ते गार पाणी."

"शब्द तर एकच हाय."

"असतात हो एका शब्दाचे दोन-चार अर्थ. कोशात बघा, मला अभ्यास हाय."

तिनं पिच्छा सोडवायला म्हटलं होतं. हा खरंच गेला. विहाराच्या वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी कोश आहे, ज्यात शब्द कुठून आला तेही दिलेलं असतं. कपाटातून तो काढायला दोन हात लागतात, म्हणून शक्यतो कुणी काढत नाही. रत्नपालला वीस लिटर उचलायची सवय. त्यानं तो एका हातानं काढला, आणि त्या संध्याकाळपासून रोज जार पोचवून झाले की तो आणि ऐश्वर्या त्याच्यावर वाकलेले. वाचायची ती, अडवायचा तो. "थांब, परत सांग. कितव्या शतकात?"

एका संध्याकाळी तो घरात शिरला तो थेट स्वयंपाकघरात. त्याची बायको संध्या भाकरी थापत होती.

"संध्या, ऐक. ऐश्वर्याचा जेल पेन आन आपला जार, दोघं भाऊ-भाऊ निघाले."

"व्हय का. दोघं बी गळतात."

"चेष्टा न्हाई. लॅटिनमधी थंडीचा, गोठायचा एक शब्द हाय, त्याच्यातून जेली निघाली. जेली म्हंजे गोठलेली. जेलीतून जेल. आन आपला चिल बी त्याच मुळाचा. कोल्ड बी तिथलाच, कूल बी तिथलाच."

"म्हंजे ऐश्वर्या डोक्याला लावते ते जेल बी?"

"ते बी."

संध्यानं तव्यावरची भाकरी उलटली. "बरं झालं सांगितलं. तेवढ्यासाठी जेवन थांबलं व्हतं."

पण त्या रात्री जेवताना तिनंच विचारलं, "आन बर्फाचा कोन लागतो तुमचा शब्द?"

एप्रिलमध्ये आमच्या विहारात अठरा तास अभ्यास असतो. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचत बसायचे, त्यांना अभिवादन म्हणून जयंतीच्या दिवशी लोक तसंच वाचत बसतात. सकाळी उजाडताच बैठक सुरू होते ती रात्री बारापर्यंत चालते. पोरं-पोरी, नोकरदार, म्हाताऱ्या, ज्याला जे वाचायचं ते त्यानं वाचावं. फोन दाराशी टोपलीत. दिवस मावळला की वाचन जरा थांबवून ज्यानं त्यानं माइकवर येऊन आज काय वाचलं ते थोडक्यात सांगायचं. नियमाचा कारभार भिवाजी बाबांकडे. ते बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले, पण शिस्तीतून निवृत्त झाले नाहीत. त्यांचा मुख्य नियम एकच: अंगणातल्या निंबाखाली पाय मोकळे करा, पण जो फाटकाच्या बाहेर गेला त्याची बैठक मोडली, त्याला संध्याकाळी माइक नाही. आणि ह्या नियमातून त्यांनी स्वतःच्या नातवालाही सोडलं नव्हतं.

रत्नपाल दरवर्षी ह्या दिवशी विहारात यायचा तो पाणी घेऊन. ह्या वर्षी तो बैठकीच्या आधी आठवडाभर भिवाजी बाबांकडे गेला.

"बाबा, औंदा मी बसनार."

"कुठं?"

"अभ्यासाला. एक शब्द धरलाय. संध्याकाळी सांगनार बी."

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "जय भीमच्या पुढं सांगनार ना?"

"पुढंच सांगायचंय बाबा. लई पुढं."

तो हसला, पण हसताना हातातली किल्ली घट्ट धरलेली होती. घरी त्यानं आरशासमोर बोलून बघितलं, मग मोटरच्या आवाजात बोलून बघितलं. संध्याला म्हणाला, "एकदा तरी त्या माइकवरून पूर्ण बोलून खाली उतरायचंय. मग लोकांनी काय पाहिजे ते नाव ठेवावं."

बैठकीच्या दिवशी तो पांढरा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. कोश पुढ्यात, बाजूला ऐश्वर्या तिची पुस्तकं घेऊन. प्लांटला सुट्टी, तिथं कामाला असलेल्या पोरालाही जयंतीची सुट्टी. संध्या माहेरी शिरड शहापूरला झेंडावंदनाला गेलेली, दुपारी परत येणार होती. सकाळ छान गेली. विहारात फक्त पानं उलटल्याचा आणि पंख्याचा आवाज. रत्नपाल मधूनच ओठ हलवत होता.

ऊन चढलं तशी मंजुळाबाई उठली. वय झालेलं, डोळ्यांना भिंग, बालभारतीचं पुस्तक वाचायला बसलेली. ती कोपऱ्यात गेली, जिथं दरवर्षी निळे जार मांडलेले असतात, आणि परत आली.

"भिवाजी, पाणी कुठं हाय?"

"तिथंच असंल ना."

"तिथं नुसते गिलास हायेत."

मग एकेक मान वर व्हायला लागली. भिवाजी बाबांनी कोपरा बघितला, मागची खोली बघितली, आणि सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत पांढऱ्या शर्टावर येऊन थांबल्या.

झालं होतं असं. इतकी वर्षं विहारात पाणी कुणी सांगितलंच नव्हतं. रत्नपाल आपणहून आणायचा. त्यामुळे कमिटीला वाटलं, रत्नपाल आहे ना. आणि रत्नपालला वाटलं, औंदा आपण बसणारे, म्हणजे पाण्याचं कमिटी बघेल. विहाराच्या नळाला बोअरचं पाणी, तोंडात धरवत नाही इतकं खारं. अभ्यासाला सगळी गल्ली बसली, आणि पाणीवालाच गार पाण्याविना बसला.

"मी बोललोच न्हाई का कोनाला," रत्नपाल हळूच म्हणाला.

"आमी बी विचारलं न्हाई," भिवाजी बाबा म्हणाले. "दुसऱ्या प्लांटवरून मागवू."

"आज कुठं बाबा. जयंतीच्या मिरवणुकीला सगळ्यांचे जार गेले."

कुणीतरी म्हणालं, टेम्पोची किल्ली द्या, कुणीही जाईल. पण जाणार कोण? इथं असलेला प्रत्येक जण बसलेला. पुनम नावाची एक बारावीची पोरगी उठली. तिनं महिनाभर राज्यघटनेवर तयारी केली होती, सगळ्यांना माहीत होतं. ती हात पुढं करून म्हणाली, "द्या काका. मी जाते."

रत्नपालनं कोशाकडे बघितलं. ऐश्वर्या त्याच्याकडे बघत होती, तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग त्यानं खिशातली किल्ली काढली आणि पुनमच्या हातात दिली नाही. उठला.

"बस खाली. तुला टेम्पो चालू करता येतो का? मला बी तीनदा शिव्या दिल्याबिगर व्हत न्हाई."

फाटकापाशी भिवाजी बाबा उभे होते.

"रत्नपाल, नियम..."

"म्हाईत हाय बाबा. नियम बराबर हाय." आणि तो बाहेर गेला.

टेम्पोचा आवाज परत आला तोवर वाचणं कुणाचंच नीट होत नव्हतं. निंबाच्या सावलीत त्यानं जार उतरवले, पांढऱ्या शर्टाला खांद्यावर ओला पट्टा पडलेला. पोरं गिलास घेऊन आली. पुनम पहिली. रत्नपालनं तोटी दाबली. तिचं पाणी पिऊन झालं, पण ती हलेना.

"काका, कोणता शब्द होता तुमचा?"

"हा काय," त्यानं जारवर टिचकी मारली. "चिल."

"चिल म्हणजे मस्त आराम ना?"

"ते लई मागून आलं. हजार वर्षांमागं इंग्रज त्याला चिएले म्हनायचे, म्हंजे थंडी, गारठा. नुसती थंडी. दुसरा कोन हाय, गिलास आण पुढं. मग सहाशे वर्षांमागं काय झालं, ही थंडी सांगायला लोकं कोल्ड म्हनायला लागले. आपला शब्द घरातून बाहेर. कोणी इचारना. मेला असंच धरा."

"मग?" मागून कुणीतरी.

"मग काय, दोनेकशे वर्षांनी परत दारात उभा."

"मेलेला कसा येतो परत?"

"क्रियापद जित्तं व्हतं ना. गार करनं, गारठनं, हे लोकं बोलतच राहिले. त्याच्यातून नाम परत निघालं. आन आलं ते एकटं न्हाई आलं. तापाची हुडहुडी भरते ना, ती बी चिल. भीतीनं अंगावर काटा येतो, तो बी चिल. ते मला कोशात वाचायची गरज न्हवती, स्टेजवर भेटलं व्हतं."

सगळे हसले. तोही हसला, आणि हात चालू ठेवून पुढं बोलत राहिला. जेलीवर आला, जेल पेनावर आला. एका पोरानं खिशातला पेन काढून जारला लावला, भाऊ-भाऊ म्हणून. मंजुळाबाईनं तिसरा गिलास घेतला, तहान नसताना. एका जमान्यात तिकडं थंडगार पेय जरासं कोमट करण्यालाही चिल करणं म्हणायचे, हे ऐकून ती म्हणाली, "येडेच हायेत मेले," आणि आणखी जवळ सरकली.

फाटकापासून भिवाजी बाबा आले. गर्दी जरा बाजूला झाली. त्यांनी गिलास पुढं केला.

"माइक न्हाई भेटनार," ते म्हणाले.

"व्हय बाबा."

"ते सांगून ठेवतो. पर हे शांत व्हा, आराम करा, ते कुठून आलं? ते राहिलं ना."

रत्नपालनं त्यांचा गिलास भरला. "ते आत्ता आत्ता, चाळीस-पन्नास वर्षांमधलं. अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या बोलण्यातून, गाण्यांतून. मोठ्या घरातून न्हाई आलं बाबा, गल्लीतून आलं. आन मग साऱ्या जगानं उचललं. माझ्या पोरीनं बी. मला म्हनली, पप्पा, चिल."

भिवाजी बाबांनी पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा गिलास परत पुढं केला. "गल्लीतून," ते म्हणाले. "ते परत सांग जरा, मागच्यांना ऐकू न्हाई आलं."

त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं. तोटी दाबलेलीच होती, गिलास भरून बाबांच्या हातावरून पाणी वाहत होतं, आणि दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात शिरड शहापूरची जीप फाटकासमोर थांबली. संध्या उतरली आणि निंबाखालची गर्दी बघून थेट ऐश्वर्याकडे आली.

"काय झालं गं? भांडन का?"

"न्हाई मम्मी. पप्पा बोलून राहिले."

"माइकवर?"

"जारवर."

संध्यानं टाचा उंचावून बघितलं. नवरा एका पायावर भार देऊन उभा, शर्ट भिजलेला, हात हलवून काहीतरी समजावतोय आणि समोर अख्खी गल्ली. तिनं पदरानं घाम पुसला, टेबलावरचा एक रिकामा गिलास उचलला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.