ओट्याचे माप

धसईच्या बाजारापासून अर्ध्या कोसावर, भातशेताच्या कडेला, गुणाबाई गोजर यांचे नवे घर उभे राहत होते. विटा आल्या, वाळू आली, स्लॅब ओतला गेला. दिवसभर गवंड्यांचा गलका असे. उन्हे कलली की सारे आपापल्या वाटेने जात, आणि ओल्या सिमेंटच्या वासात गुणाबाई एकटी उरे. मग ती बादली घेऊन भिंतींवर पाणी मारी. भिंती ते पाणी घटाघटा पीत. तहान मात्र भिंतींपेक्षा तिला अधिक होती, आणि ती पाण्याची नव्हती.

नवरा देवाघरी जाऊन नऊ वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा जीवन बदलापूरला कंपनीत लागला. तिथेच त्याने फ्लॅट घेतला, तिथेच सारिका सून होऊन आली, तिथेच मनस्वी नावाची नात बोलायला शिकली. दोन हजार तीन सालच्या दिवाळीत जीवन म्हणाला होता, "आये, हे कुडाचं घर किती वर्सं लिंपत बसशील? पक्कं बांधू. घर आपल्या सगळ्यांचंच हाय. लादी, रंग, खिडक्या, समदं तुझ्या आवडीनं घे."

आपल्या सगळ्यांचं! लेक सहज बोलून गेला. आईने तो शब्द प्रसादासारखा पदराच्या टोकाला बांधला. घर सगळ्यांचे, म्हणजे सगळे येणार. येणार म्हणजे राहणार. मायेचे गणित असेच असते. त्याला मधल्या पायऱ्या नसतात.

आवडीने घे, असे लेकाने सांगितले. पण गुणाबाईने स्वतःची आवड म्हणून एकही वस्तू घेतली नाही. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये ती दोनदा राहून आली होती. तिथे जे जे पाहिले, ते ते डोळ्यांत साठवून ती मुरबाडच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

दुकानदार म्हणाला, "मावशी, ही खरबरीत लादी घ्या. तुमच्या वयाला बरी, पाय सरकत नाय."

"नको. पांढरी द्या, तोंड दिसंल अशी. माझ्या सुनंकडं तशीच हाय."

"मग सुनंलाच आणायची ना निवडायला!"

"तिला टाइम कुठं?" गुणाबाई म्हणाली, आणि म्हणताना तिला अभिमानच वाटला.

पांढरी लादी घेतली. खिडक्या सरकत्या काचांच्या सांगितल्या. स्वयंपाकाच्या ओट्यामागच्या लाद्यांवर द्राक्षे आणि सफरचंदे यांची परडी रंगवलेली हवी, म्हणून तिने चार दुकाने पालथी घातली. भिंतींना सारिकेच्या हॉलसारखा फिकट पिस्ता रंग ठरवला. शेणाने सारवलेल्या भुईवर जन्म काढलेली ही माउली. तिने आपल्या घरात सुनेचे घर उभे करायला घेतले. उद्या पोरे आली तर त्यांना परके वाटू नये, एवढीच तिची मागणी होती.

घराचे काम महिपत मिस्त्रीकडे होते. खर्डीकडचा हा गवंडी जुन्या रीतीचा माणूस. ओटा बांधायचा तर तो टेप काढत नसे. रांधणाऱ्या बाईला उभी करायचा, कोपर वाकवायला सांगायचा, कोपराखाली चार बोटे सोडायचा आणि भिंतीवर कोळशाची रेघ मारायचा. 'टेपला पाठ नसते, बाईला असते,' हे त्याचे शास्त्र.

"या मावशे, उभ्या ऱ्हा हितं," महिपतने हाक मारली.

"माझं नको. सुनंचं घ्या."

"सून कुठाय?"

"बदलापूरला."

"मग उंची सांगा. खांद्याला लागंल का तुमच्या? का वर?"

गुणाबाईने हात खांद्यापाशी नेला, मग थोडा वर. सारिका उंच होती हे तिला ठाऊक होते. पण किती उंच? लग्नाला आठ वर्षे झाली, आणि सासू-सून एका चुलीपाशी खांद्याला खांदा लावून उभ्या अशा कधी राहिल्याच नव्हत्या. सून यायची ती पाहुणचाराला. वाकायची ती पाया पडायला. पाया पडणाऱ्या माणसाची उंची कशी कळावी?

"दोन दिस थांबा मिस्त्री. मीच माप घेऊन येते."

तिने सुतळी घेतली, घावण्यांचा डबा घेतला, आणि मुरबाडला बस बदलून बदलापूर गाठले.

सारिका स्वयंपाकघरात होती. गुणाबाईने सुतळीचे टोक तिच्या पायापाशी धरले आणि दुसरे कोपरापर्यंत नेले.

"अहो आई, हे काय? ब्लाउज शिवताय का माझा?" सारिका खळखळून हसली.

"हात नीट धर गो. ओट्याचं माप हाय. तुझी पाठ दुखाया नको."

मनस्वीने आजीला मदत म्हणून सुतळीला गाठ मारली. सारिकेचे हसू हळूहळू ओसरले. ती वाईट बाई नव्हती. म्हणूनच तिने खरे ते सांगितले.

"आई, तुमच्या मापाचा करा ना ओटा. मनूची शाळा इथे, ह्यांची कंपनी इथे. आम्ही गणपतीला दोन दिवस येणार. तेवढ्यासाठी तुम्ही वर्षभर हात वर करून रांधणार का?"

बाहेरच्या खोलीत जीवन टीव्ही पाहत होता. त्याला सारे ऐकू गेले होते. गुणाबाईने त्याच्याकडे पाहिले. त्याने आवाज थोडा कमी केला, आणि तो टीव्ही पाहतच राहिला.

"खरं हाय गो तुझं," गुणाबाई म्हणाली. "घावणे खा. गार होतील."

तिसऱ्या दिवशी महिपतने विचारले, "आणलंत माप?"

गुणाबाई भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिने कोपर वाकवले. "माझंच घ्या."

मिस्त्रीने चार बोटे सोडली, रेघ मारली, मग डोके खाजवत म्हणाला, "लय खाली येतोय बगा. सून आली तर तिला वाकाया लागंल."

"तिला कशाला वाकवू? पाव्हण्याला कुणी रांधाया लावतं काय?"

हे शब्द तिच्याच तोंडून निघाले, आणि ते पहिल्यांदा ऐकले तेही तिनेच. महिपत ओट्याचा काळा कडप्पा कापायला बाहेर गेला.

वास्तुशांतीला सगळी आली. सारिका पदर खोचून पुढे झाली, तर गुणाबाईने तिला पातेल्याला हात लावू दिला नाही. मनस्वी पांढऱ्या लादीवर दिवसभर घसरगुंडी खेळली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने तिघेही गेले.

संध्याकाळी गुणाबाई ओट्याशी उभी राहिली. माप अचूक होते. खांदा चढत नव्हता, पाठ वाकत नव्हती. महिपतच्या चार बोटांत तसूभर चूक नव्हती. पण आयुष्यभर ती चुलीपुढे बसून रांधत आली होती. बसलेल्या बाईजवळ कोणी ना कोणी येऊन टेकते. शेजारची ठकी विस्तव मागायला येते, मांजर उबेला येते, भुकेले लेकरू मांडीला येऊन चिकटते. उभ्याने रांधणाऱ्या बाईचे तोंड भिंतीकडे असते, आणि तिच्या पाठीशी सारे घर रिकामे असते.

तिने एकदा वळून पाहिले. मग गॅस बारीक केला, हात जोडले आणि देवाचे नाव घेतले. नेहमीसारखे ओठांतल्या ओठांत नव्हे, तर मागच्या खोलीत कोणी असते तर त्याला ऐकू जावे इतक्या मोठ्याने. नव्या भिंतींनी ते नाव तसेच परत केले. तिने ते ऐकून घेतले, आणि देवाचे नाव पुन्हा घेतले.